मधल्या मुलांचा विमा

अमेरिकेतल्या मुलांच्या आरोग्य विम्याची गोष्ट कळायची तर ३० सप्टेंबर १९८३ ही तारीख आधी समजून घ्यावी लागते. त्या दिवशी विशेष काही घडलं नव्हतं. १९८४ साली अमेरिकी संसदेने मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी विमा, आणखी काही मुलांना द्यायचं ठरवलं आणि खर्च एकदम अंगावर येऊ नये म्हणून या तारखेनंतर जन्मलेल्यांनाच तो मिळेल अशी अट घातली. तिथलं सरकारी आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, एवढंच त्या तारखेमागचं कारण. पुढे १९९० च्या कायद्याने सहा ते अठरा वयाच्या, दारिद्र्यरेषेखालच्या सगळ्या मुलांना हा विमा देऊ केला, पण तारीख तीच ठेवली. त्यामुळे एकाच इस्पितळात एका रात्रीच्या अंतराने जन्मलेल्या दोन गरीब मुलांपैकी एकाला शाळकरी वयात डॉक्टरकडे जाण्यासाठी सरकारी कार्ड मिळालं आणि दुसऱ्याला ते मिळालं नाही. घर अगदीच तळातलं, सरकारी रोख मदतीवर चालणारं असेल तर दोघांनाही विमा होता. त्याच्या थोडं वरच्या घरांत मात्र जन्मतारखेवर सगळं ठरलं.

अर्थशास्त्रज्ञांनी नंतर या रेघेच्या दोन्ही बाजूंची मुलं मोठी झाल्यावर त्यांच्या नोंदी तपासल्या. रेघेनंतर जन्मलेल्या कृष्णवर्णीय मुलांमध्ये किशोरवयातले आजारपणामुळे होणारे मृत्यू कमी झाले होते, आणि पंचविशीत त्यांना इस्पितळात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाणही कमी होतं. दुसऱ्या एका अभ्यासात करखात्याच्या नोंदी वापरल्या गेल्या. लहानपणी जास्त वर्षं विम्याला पात्र असलेली मुलं मोठेपणी जास्त कर भरत होती, इतका जास्त की त्यांच्या विम्यावर सरकारने केलेल्या खर्चापैकी अर्ध्याहून अधिक पैसा ती साठीला पोचेपर्यंत करातून परत येईल असा हिशोब निघाला. मुलांच्या विम्याला खर्च म्हणायचं की गुंतवणूक, हा वाद इतक्या स्पष्ट आकड्यांनी क्वचितच कुणी मांडला असेल.

या संग्रहातले लेख वेगवेगळ्या लेखकांचे आहेत, त्यांची मतंही एकसारखी नाहीत. तरी सगळे लेख फिरून एका प्रश्नापाशी येतात: मुलाचा विमा त्याच्या बालपणाशी बांधायचा, की आईवडिलांच्या दर महिन्याच्या पगाराशी? अमेरिकेने गेल्या साठ वर्षांत या प्रश्नाची अर्धीमुर्धी उत्तरं दिली. ती का अपुरी पडली हे पाहण्यासारखं आहे, आणि जिथे पुरी पडली ते तर शिकण्यासारखं आहे.

मुळात इतक्या श्रीमंत देशात मुलं विम्याविना राहतातच कशी, असं मराठी वाचकाला वाटेल. दुसऱ्या महायुद्धात पगारवाढीवर सरकारी बंधन आलं, तेव्हा कामगार टिकवायला कारखान्यांनी विमा द्यायला सुरुवात केली. विम्याच्या त्या रकमेवर करमाफी मिळाली आणि नोकरी व विमा यांची गाठ पक्की झाली. बड्या कंपनीत काम करणाऱ्याच्या मुलाला विमा, हॉटेलात भांडी घासणाऱ्याच्या मुलाला नाही. १९६५ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या काळात वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आलं. दोनच वर्षांनी मेडिकेडमधल्या मुलांची ठरावीक काळाने तपासणी करायची आणि तीत जे सापडेल त्यावर उपचारही करायचे, अशी तरतूद कायद्यात आली. तिच्यामागे एक अहवाल होता: लष्करभरतीच्या वयाच्या तरुणांपैकी एकतृतीयांश अपात्र ठरत होते, आणि त्यांतल्या अनेकांच्या व्याधी लहानपणीच बऱ्या होण्यासारख्या होत्या. ही तरतूद आजही अमेरिकी बालआरोग्याचा कणा आहे. पण ती मेडिकेडच्या उंबरठ्याच्या आतल्या मुलांपुरती होती. उंबरठ्याबाहेर ‘मधली’ मुलं उरली. त्यांचे आईवडील काम करत, मेडिकेडच्या मर्यादेपेक्षा थोडं जास्त कमवत आणि बाजारातला विमा त्यांना परवडत नसे.

१९९७ मध्ये चार माणसांच्या कुटुंबाची दारिद्र्यरेषा वर्षाला १६,०५० डॉलर होती. बावीस-तेवीस हजार मिळवणारा बाप कागदोपत्री गरीब नव्हता, पण मुलाला दमा असेल तर प्रत्येक हिवाळ्यात तो कर्जात जाई. अशा विमा नसलेल्या मुलांची संख्या देशभरात एक कोटीच्या आसपास होती.

राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांची सर्वांसाठी विम्याची मोठी योजना १९९४ साली कोसळली होती आणि तो विषय काढायलाही कुणी धजत नव्हतं. अशा वेळी मॅसॅच्युसेट्सचे डेमोक्रॅट सिनेटर एडवर्ड केनेडी आणि युटाचे रिपब्लिकन सिनेटर ऑरिन हॅच एकत्र आले. राजकारणात हे दोघे विरुद्ध टोकांचे. केनेडींसमोर त्यांच्याच राज्याचं उदाहरण होतं. तिथे १९९६ मध्ये गव्हर्नरांचा नकाराधिकार धुडकावून विधिमंडळाने सिगारेटवरचा कर वाढवला होता आणि त्या पैशांतून मुलांना विमा दिला होता. केनेडी आणि हॅच यांनी तोच मार्ग राष्ट्रीय पातळीवर मांडला: सिगारेटच्या पाकिटावर ४३ सेंट वाढीव कर आणि त्यातून मुलांचा विमा. हॅच यांच्या पक्षात यावरून मोठी नाराजी झाली. क्लिंटन सरकारनेही, विरोधकांशी झालेला अर्थसंकल्पाचा समझोता मोडू नये म्हणून, मे महिन्यातल्या मतदानात या प्रस्तावाला साथ दिली नाही आणि तो पडला. मी हा तपशील मुद्दाम नोंदवतो, कारण नंतर या योजनेचं श्रेय घ्यायला सगळेच पुढे आले. दोन्ही सिनेटरांनी मात्र पाठपुरावा सोडला नाही. काही आठवड्यांत तडजोड झाली. समझोत्यात मुलांच्या विम्यासाठी ठेवलेल्या १६ अब्ज डॉलरमध्ये तंबाखूच्या करातून आठ अब्जांची भर पडली आणि पहिल्या पाच वर्षांसाठी २४ अब्ज डॉलरची तरतूद झाली. ५ ऑगस्ट १९९७ रोजी क्लिंटन यांनी सही केली आणि आज ‘चिप’ या नावाने ओळखली जाणारी मुलांच्या आरोग्य विम्याची योजना अस्तित्वात आली. सिगारेटवरचा कर शेवटी दोन टप्प्यांत मिळून १५ सेंटच वाढला.

योजनेची रचना तडजोडीतून आली होती आणि ते दिसतं. राज्यांना तीन वाटा दिल्या: मेडिकेडच वाढवा, वेगळी योजना काढा, किंवा दोन्हींचा मेळ घाला. केंद्र सरकारने मेडिकेडपेक्षा जास्त, म्हणजे ६५ ते ८५ टक्के वाटा उचलला, त्यामुळे तीन वर्षांच्या आत सगळी राज्यं सामील झाली. कष्टकरी आईबापांना सरकारी मदतीचा कमीपणा वाटू नये म्हणून राज्यांनी आपापल्या योजनांना गोड नावं दिली. जॉर्जियात ‘पीचकेअर’, अलाबामात ‘ऑल किड्स’, व्हरमाँटमध्ये तर ‘डॉक्टर डायनासोर’. नाममात्र हप्ता घेण्याची मुभा होती, पण कुटुंबाच्या उत्पन्नाच्या पाच टक्क्यांहून जास्त भार टाकायला मनाई होती, आणि बाळाच्या नियमित तपासण्या व लसी पूर्ण मोफत होत्या. उत्पन्नाची मर्यादा राज्यागणिक बदलत गेली. न्यूयॉर्कमध्ये ती पुढे दारिद्र्यरेषेच्या चौपटीपर्यंत गेली, काही राज्यांत दुपटीच्याही आत राहिली.

एक फरक मात्र या योजनेच्या मुळाशीच होता. मेडिकेडमध्ये जेवढी पात्र मुलं येतील तेवढ्यांचा खर्च सरकार देतं. चिपमध्ये रक्कम आधी ठरते आणि मुलं नंतर मोजली जातात. पैसे संपले की दार बंद. नॉर्थ कॅरोलायनाने २००१ मध्ये नवी नोंदणी थांबवली. ॲरिझोनाने मंदीच्या काळात, २०१० च्या सुरुवातीला, दार लावलं ते २०१६ पर्यंत उघडलं नाही. तिथे तेव्हा पाच वर्षांची असलेली मुलगी दार उघडलं तेव्हा अकरा-बारा वर्षांची झाली होती. आर्थिक संकटात कारखाने बंद पडतात, आईबापांची नोकरी जाते, तिच्याबरोबर घरातला विमाही जातो. नेमकी त्याच वेळी राज्याची तिजोरी रिकामी असते. ठरावीक रकमेवर चालणारी योजना गरज सर्वांत जास्त असतानाच आखडते, हा तिचा मूळ दोष आहे आणि तो दूर झालेला नाही.

पैशांवर वाद होतात म्हणून तो दोष निदान दिसतो. कागदांमुळे जी मुलं गळतात ती सहसा कुणाला दिसत नाहीत, आणि मला या संग्रहाचा गाभा तिथेच वाटतो. २००८ च्या सुमारास अमेरिकेत विम्याविना असलेल्या मुलांपैकी दर तिघांतली दोन मुलं मेडिकेडला किंवा चिपला पात्र होती. कायदा त्यांच्या बाजूने होता, पैसाही होता, पण नाव यादीत नव्हतं.

शेजारशेजारची दोन राज्यं घेऊ. टेक्सासने २००३ मध्ये तूट भरून काढण्यासाठी चिपचे नियम कडक केले. वर्षाऐवजी दर सहा महिन्यांनी नूतनीकरण आलं. नव्या मुलांना नव्वद दिवस थांबायला लावलं. दात आणि चष्म्याचे लाभ काढून घेतले. त्या सप्टेंबरात यादीत पाच लाखांहून थोडी जास्त मुलं होती. तीन वर्षांत आकडा तीन लाखांच्या खाली गेला. त्या मुलांना कुणी ‘तुम्ही अपात्र’ म्हणून काढलं नव्हतं. सहा महिन्यांनी पाकीट येतं. त्यात अर्ज असतो, पगाराच्या पावत्या जोडायच्या असतात, तारखेच्या आत परत पाठवायचं असतं. भाड्याचं घर बदललेलं असतं, पाकीट जुन्या पत्त्यावर पडून राहतं. आई दोन ठिकाणी काम करते, एका ठिकाणी पगाराची पावतीच मिळत नाही. मुदत उलटते. ताप आलेल्या मुलाला घेऊन ती दवाखान्यात पोचते तेव्हा खिडकीवरची बाई संगणकात पाहून सांगते की विमा गेल्या महिन्यातच बंद पडला आहे. विधिमंडळाने २००७ मध्ये यातले बरेच नियम मागे घेतले आणि वर्षाची मुदत परत आणली.

शेजारच्या लुइझियानात याच काळात उलट घडत होतं. हे देशातल्या गरीब राज्यांपैकी एक, सरकारी कारभारासाठी कधीच नावाजलेलं नव्हतं. तिथल्या मेडिकेड खात्याने ठरवलं की कुटुंबाकडे कागद मागण्याआधी सरकारच्याच दुसऱ्या खात्यांत माहिती आहे का ते पाहायचं. अन्नसाहाय्याच्या नोंदीत, मजुरीच्या नोंदीत उत्पन्न सापडलं तर पाकीट पाठवायचंच नाही, आणि लागलंच तर फोनवर विचारून नूतनीकरण करायचं. कारकुनांना सांगितलं गेलं की पात्र मुलाचा विमा तुटणं ही आपल्या खात्याची चूक धरली जाईल. कागद न आल्यामुळे विमा बंद पडणाऱ्या मुलांचं प्रमाण एक टक्क्याच्या खाली आलं. २०१० मध्ये या राज्याने अन्नसाहाय्याच्या यादीवरून एका झटक्यात दहा हजारांहून जास्त मुलांची विम्यात नोंद केली. ही थेट नोंदणी सोडली तर बाकी कशाला नवा कायदा फारसा लागला नाही. खिडकीच्या आतल्या माणसांनी कामाची रीत बदलली आणि ते झालं.

विमा मध्येच तुटण्याची किंमत काय असते ते २००७ च्या फेब्रुवारीत सगळ्या देशाला कळलं. मेरीलँडमध्ये बारा वर्षांचा एक मुलगा दाढेच्या गळवामुळे वारला. संसर्ग मेंदूपर्यंत गेला होता. ती दाढ काढायला ८० डॉलर पुरले असते. दोन शस्त्रक्रिया आणि इस्पितळातले आठवडे यांवर सुमारे अडीच लाख डॉलर खर्च झाले आणि मुलगा वाचला नाही. त्याचं कुटुंब मध्यंतरी निवाऱ्यात राहत होतं आणि त्याचं मेडिकेड खंडित झालं होतं. ते चालू असतं तरी प्रश्न सुटला नसता, कारण आई त्याच्या धाकट्या भावासाठी मेडिकेड घेणारा दंतवैद्य शोधत होती आणि तो मिळत नव्हता. सरकारी विम्याचे दर इतके कमी होते की बहुतेक दंतवैद्यांनी असे रोगी घेणं सोडलं होतं. कार्ड हातात असणं आणि डॉक्टर भेटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांच्या विम्यावर बोलताना फार वेळा विसरलं जातं.

त्याच वर्षी चिपची पहिली मुदत संपत होती. संसदेने ३५ अब्ज डॉलरची वाढ मंजूर केली. जॉर्ज बुश यांनी ऑक्टोबरात आणि पुन्हा डिसेंबरात नकाराधिकार वापरला. तो मोडून काढायला लागणारी दोनतृतीयांश मतं जमली नाहीत. बुश यांचं म्हणणं होतं की मध्यमवर्गीय मुलं खासगी विमा सोडून सरकारी विम्यात येतील. हा आक्षेप हवेतला नव्हता. डेव्हिड कटलर आणि जोनाथन ग्रुबर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९६ मध्येच दाखवलं होतं की मेडिकेड वाढवल्यावर त्यात आलेल्यांपैकी काहींचा खासगी विमा सुटतो. नंतर त्याच्या प्रमाणावर पुष्कळ वाद झाले. मला विचाराल तर मूल पगाराच्या चढउतारासोबत हिंदकळण्यापेक्षा एका जागी स्थिर राहिलेलं बरं, मग काही खासगी विमे सुटले तरी चालतील. पण विरुद्ध बाजूचा लेखही या संग्रहात पूर्ण लांबीचा आहे आणि तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

४ फेब्रुवारी २००९ रोजी बराक ओबामा यांनी नव्या कायद्यावर सही केली. सिगारेटवरचा केंद्रीय कर ६२ सेंटनी वाढून पाकिटामागे १.०१ डॉलर झाला. दातांचे उपचार चिपमध्ये बंधनकारक झाले. मेरीलँडच्या त्या मृत्यूचा त्यात थेट वाटा होता. लुइझियानाने पुढच्या वर्षी केली तशी थेट नोंदणी करायला राज्यांना याच कायद्याने मोकळीक मिळाली. पण मुदतीची टांगती तलवार राहिलीच. ३० सप्टेंबर २०१७ ला पैशांची तरतूद संपली आणि संसद दुसऱ्या भांडणांत गुंतलेली होती. जवळजवळ चार महिने सुमारे ९० लाख मुलांचा विमा अधांतरी राहिला. कोलोरॅडो आणि व्हर्जिनियाने पालकांना योजना बंद पडू शकते अशी पत्रं धाडली. ज्यांची मुलं केमोथेरपीवर होती अशा घरांतही ती गेली असणार. जानेवारी २०१८ मध्ये तरतूद झाली, आणि तेव्हाच संसदेच्या हिशोबखात्याने सांगितलं की दहा वर्षांची मुदतवाढ दिली तर सरकारचे सहा अब्ज डॉलर वाचतील, कारण त्याच मुलांना इतर मार्गाने विमा देणं महाग पडतं. एवढं स्पष्ट असूनही ती योजना मुदतीवरच चालते. सध्याची तरतूद २०२९ पर्यंत आहे.

एवढ्या खाचखळग्यांतूनही मिळालेलं यश मोठं आहे. १९९७ मध्ये दर सात मुलांमागे जवळपास एक मूल विम्याविना होतं. २०१६ पर्यंत हे प्रमाण वीस मुलांमागे एकाहून कमी झालं. करोनाच्या साथीत तर एक अनपेक्षित प्रयोगच झाला. मार्च २०२० च्या कायद्याने राज्यांना जादा पैसे दिले आणि साथ असेपर्यंत मेडिकेडमधून कुणालाही काढायचं नाही अशी अट घातली. तीन वर्षं पाकिटं थांबली. मुलांचा विमा टिकला. एप्रिल २०२३ पासून नूतनीकरण पुन्हा सुरू झालं आणि देशभरात अडीच कोटींहून जास्त लोक, मुलं धरून, यादीतून गेले. त्यांतल्या बहुसंख्यांना अपात्र ठरवलेलंच नव्हतं, कागद पूर्ण झाले नाहीत म्हणून ते गेले.

मराठी वाचकाचा या सगळ्याशी संबंध दोन बाजूंनी आहे. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत आपली हजारो कुटुंबं तिथे आहेत. नोकरी आणि विम्याची गाठ काय असते ते त्यांना नोकरकपातीच्या प्रत्येक लाटेत कळतं. १९९६ च्या कायद्याने ग्रीन कार्ड मिळाल्यावरही पाच वर्षं मेडिकेड, आणि पुढे आलेलं चिपही, बंद ठेवलं होतं. २००९ नंतर राज्यांना मुलांपुरती ही अट काढता येते आणि बहुतेक राज्यांनी ती काढली आहे. तरी २०१९ च्या ‘सरकारवर भार’ ठरवण्याच्या नियमाने भीती पसरली. त्या नियमात चिप धरलेलंच नव्हतं आणि मुलांचं मेडिकेडही नव्हतं, पण अनेक स्थलांतरित कुटुंबांनी ग्रीन कार्डाच्या काळजीने मुलांची नावं काढली. अशी भीती आपल्या लोकांतही गुपचूप फिरते, म्हणून त्यावरचा लेख आवर्जून घेतला आहे.

दुसरी बाजू इथली. महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. बरीच वर्षं तिचा लाभ पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डावर ठरत होता, २०२३ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली करायचा निर्णय झाला. ती इस्पितळातल्या, यादीतल्या उपचारांसाठी आहे. मुलाचा किडका दात, चष्मा, दम्याचा रोजचा पंप तिच्यात बसत नाही. मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि वाढीतल्या अडचणी शोधायच्या, हे त्याचं काम अमेरिकेच्या १९६७ च्या तरतुदीशी फार जवळचं आहे. आपल्याकडे तपासणी एका हाताने होते आणि विमा दुसऱ्या हाताने. तपासणीत सापडलेलं मूल उपचारापर्यंत पोचलं की नाही हे एकाच वहीत दिसावं, यासाठी काय करता येईल हे ज्यांना शोधायचंय, त्यांना अमेरिकेचा अनुभव कामी येईल. त्यातल्या चुका उचलायच्या नाहीत, एवढं सांभाळावं लागेल.

पुस्तक क्रमाने वाचायलाच हवं असं नाही. टेक्सास आणि लुइझियानावरचे दोन लेख सलग वाचावेत, आणि आरोग्यखात्यात, जिल्हा परिषदेत किंवा शाळेत काम करणाऱ्यांनी तर आधी तेच वाचावेत. शेवटचा लेख ओरेगनचा आहे. तिथे २०२३ पासून मेडिकेडमध्ये आलेल्या बाळाचा विमा सहा वर्षांचं होईपर्यंत मध्येच तपासला जात नाही, घरचं उत्पन्न वाढो की घटो. वॉशिंग्टन आणि न्यू मेक्सिको यांनीही तीच वाट धरली. २०२४ पासून देशभर निदान बारा महिने तरी विमा अखंड ठेवण्याचं बंधन आलं आहे. जुलै २०२५ मध्ये मात्र केंद्रीय खात्याने कळवलं की वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या अशा परवानग्या यापुढे नव्याने दिल्या जाणार नाहीत आणि असलेल्याही मुदत संपल्यावर वाढवल्या जाणार नाहीत. ओरेगनमध्ये पहिल्या वर्षी नोंदलेली बाळं अजून शाळेतही गेलेली नाहीत. त्यांच्या लसी पूर्ण झाल्या का, त्यांच्या आयांना किती हेलपाटे वाचले, रात्री-अपरात्री तातडीच्या कक्षात जाणं कमी झालं का, हे मोजायला आत्ताच सुरुवात झाली आहे. लेखिकेने जमेल तेवढं त्या लेखात मांडलं आहे, बाकीचं काम तिने चालू ठेवलं आहे.